चेट्टिनाडची घरं बघून आले, आता नाशिकच्या फ्लॅटचं काय करू?

मुग्धा_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर आम्ही मदुराई-रामेश्वरम केलं. नवऱ्याला देवळं आणि मला घरं, हा आमचा जुना करार. म्हणून मधला मुक्काम कराईकुडीला, म्हणजे तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात ठेवला. चेट्टिनाड म्हटलं की मला चिकनच आठवायचं. जवळच्या कानाडुकातान गावाच्या गल्लीत शिरलो आणि बोलतीच बंद झाली. एकेक वाडा या रस्त्यावर सुरू होतो तो थेट मागच्या रस्त्यावर संपतो. मुख्य दारात उभं राहिलं की दारामागे दार, मग चौक, परत दार, असं आरपार मागची गल्ली दिसते. हे वाडे बांधणारी चेट्टियार मंडळी सावकारी-व्यापारासाठी ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत गेलेली. खांबांना ब्रह्मदेशी सागवान, जमिनीला इटलीचा संगमरवर, भिंतींवर बेल्जियमचे आरसे. पण माझा जीव अडकला तो भिंतीच्या चुन्यात. हात ठेवला की गारेगार आणि काचेइतकी गुळगुळीत. त्यात अंड्याचा पांढरा भाग घालायचे म्हणे. सासूबाईंनी ते ऐकल्यावर पटकन हात काढून घेतला!

दुसऱ्या दिवशी आथंगुडीला, तिथल्याच फरशांच्या गावाला गेलो. तिथे फरशी भाजत नाहीत, काचेवर ओततात. चौकोनी काच, तिच्यावर लोखंडी चौकट, चौकटीत नक्षीचा साचा. बाई छोट्या पळीने साच्याच्या एकेका खणात रंगीत सिमेंट सोडते. लाल, पिवळा, हिरवा. साचा उचलला तरी रंग एकमेकांत जात नाहीत. वरून कोरं सिमेंट-वाळू भुरभुरायचं, मग ओला माल थापून सपाट करायचा. वाळली की पाण्याच्या टाकीत, नंतर उन्हात. काच सुटली की खालून चकचकीत फरशी निघते. मी तिथून हलेना, शेवटी नवरा रिक्षात जाऊन बसला.

आता मुद्दा. आमचा फ्लॅट १९९६ चा, दोन बेडरूमचा, कार्पेट जेमतेम ७०० चौरस फूट. हॉल ११ बाय १६, जमिनीला जुन्या मोझॅक टाइल्स, एका भिंतीला सरकत्या खिडक्या. यंदा काम काढायचंच आहे. एका डिझायनरला फोटो दाखवले, तर त्यांनी ‘चेट्टिनाड थीम’ करून दिली. आथंगुडीची नक्षी छापलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स, फायबरचे दोन खांब आणि टीव्हीमागे पितळी परातींची रांग. बघून रडावं की हसावं कळेना. हॉटेलात जेवायला गेल्यासारखं वाटलं.

तुम्ही लोक प्रवासात काही आवडलं तर ते घरात कसं आणता? आणि खऱ्या आथंगुडी टाइल्स फ्लॅटमध्ये चालतील का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही, तेही लक्षात घ्या.

पेठेतला_पंत

फायबरच्या खांबांना टेकू नका एवढंच सांगतो. आमच्या शेजाऱ्यांनी ‘राजस्थान थीम’ केली होती. झरोक्यात आता वायफायचा डबा आहे.

अण्णा_फरशीवाले (सातारा)

ताई, माझं आयुष्य फरशीच्या कामात गेलं. आता धंदा पोरगा बघतो, आणि मी आणि मंडळी फिरतो. लोक देवळात वर कळस बघतात, माझी मान खाली. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या पद्मनाभपुरमच्या राजवाड्यात आमच्या घरच्यांनी सगळा वाडा बघितला, मी त्या काळ्या जमिनीवर उकिडवा बसून होतो. चुना, करवंट्यांचा कोळसा, अंड्याचा पांढरा भाग असं सांगतात तिथं. आरशागत आहे. रखवालदार दोनदा बघून गेला, याचं काय हरवलंय म्हणून.

तर माझी पद्धत सांगतो. फोटो काढतोच, पण खिशात टेप असतो. फोटोत रंग येतो, उंची येत नाही. तुम्हाला तिथं जे बरं वाटलं त्यातलं निम्मं उंचीचं असतं आणि उजेडाचं.

उदाहरण घ्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. असल्या वाड्यात जमिनीवर बसून बघा. खिडकी गुडघ्याइतक्या उंचीवर सुरू होते, कारण माणसं खालीच बसायची. मांडी घालून बसलं तरी बाहेरचं दिसतं, वारा तोंडावर येतो. तुमच्या चेट्टिनाडला चौकातला उजेड जमिनीवरून सरपटत आत येतो, म्हणून ती फरशी झळकते. आता फ्लॅटची खिडकी मोजा. अडीच-तीन फुटांवर सुरू होणार. लोक वाडा बघून येतात आणि हॉलमध्ये गादी, लोड, तक्के टाकतात. तिथं बसल्यावर समोर नुसती भिंत, डोक्यावरून उजेड जातो, वारा तर नाहीच. महिन्याभरात त्या गादीवर इस्त्रीचे कपडे. बैठक पाहिजेच असेल तर खिडकीखाली १७-१८ इंच उंच ओटा घ्या, आत सामानाला कप्पे करा. सासूबाईंना उठायला-बसायला तीच उंची सोयीची.

आता फरशी. चालेल, पण हिशेब समजून घ्या. आठ इंची फरशी १०० चौरस फुटांना २२५ लागते. तूटफूट धरून २५० मागवा, कारण नंतर मागवलेल्या फरशीचा रंग जुळत नाही. हातकाम आहे ते. जाडी २० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १०० फुटांचं नुसत्या फरशीचं वजन सव्वाचारशे किलोच्या घरात. खालचा सिमेंट-वाळूचा माल वेगळा. म्हणून जुन्या जमिनीवर ही चढवायची नाही. जुनी फरशी आणि तिचा माल उचलायचा, मगच बसवायची. नाहीतर जमीन दोन इंच वर येते, सगळी दारं कापावी लागतात, आणि बाल्कनीचा उंबरा बुडाला की पहिल्या पावसात पाणी हॉलमध्ये.

आणि नक्षीची फरशी कापली की वाईट दिसते. साध्या फरशीत कोपऱ्याला पट्टी आली तर कोण बघतंय? फुलाची अर्धी पाकळी मात्र रोज डोळ्यात खुपते. आठ इंचीला १० फुटांची खोली १५ फरशांत बरोब्बर बसते. तुमचा हॉल ११ फूट रुंद, म्हणजे साडेसोळा. मधे नक्षी १५ फरशांची घ्या, उरलेला फूटभर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच साधी पट्टी. जुन्या घरांत जमिनीला काठ दिसतो ना, तो शोभेला असतोच, पण खोलीचा वाकडेपणाही त्यातच जिरवलेला असतो. भिंती कधीच काटकोनात नसतात. दोरी मधून धरायची आणि बाहेर यायचं. गवंडी कोपऱ्यातून सुरू करायला लागला तर तिथंच थांबवा.

स्वयंपाकघरात नको. सिमेंटची फरशी आंबट सोसत नाही. चिंच, कोकम, लिंबू सांडलं की डाग. हळदीचं तर विचारू नका. बाथरूमला ॲसिड मारलं आणि ओघळ बाहेर आला तर चकाकी गेली म्हणून समजा.

आणि शेवटचं, रागावू नका. तुमच्याकडं १९९६ चं मोझॅक आहे म्हणता. ते फोडायचं कशाला? मशीन लावून घासून घ्या. आता दुकानात ‘टेराझो’ म्हणून महाग विकतात ते वेगळं काय असतं? सिमेंटात दगडाची खडी आणि घासाई. आमच्या पिढीनं ते ढिगानं बसवलं, मग त्याच्यावरच व्हिट्रिफाइड चिकटवलं.

मांडवीकाठी

अण्णांच्या उंचीच्या मुद्द्याला आमच्या गोव्याची पुरवणी. पर्वरीजवळ तोर्डा इथे जेरार्ड द कुन्हा या वास्तुविशारदाने केलेलं गोव्याच्या घरांचं संग्रहालय आहे. रस्त्याच्या मधोमध, जहाजासारखी इमारत. इकडे आलात तर बीचआधी तिथे जा.

जुन्या घरांना पुढे बाल्कांव, म्हणजे छपराची ओसरी असते आणि त्यात समोरासमोर बांधलेले ‘सोपे’, म्हणजे बसायचे कट्टे. येणाऱ्याला घरात न घेता अर्धा तास गप्पा मारता येतात, आणि संध्याकाळी सगळी वस्ती तिथूनच दिसते. चेट्टिनाडला दारापुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा असतो, त्याचंही काम तेच. तुमच्या फ्लॅटच्या दारापाशी चप्पल काढायला जागा असेलच. तिथे दीड-दोन फुटांचा पक्का कट्टा घाला, खाली चपलांचा कप्पा, आणि समोरच्या एवढ्याशा जमिनीला आथंगुडी. सासूबाई बसून चप्पल घालतील, कुरिअरवाला उभ्याउभ्या सही घेईल. खांब लागत नाही.

आणि शिंपल्यांच्या खिडक्या बघून इथे येणाऱ्या प्रत्येकाला त्या घरी न्यायच्या असतात. पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी खाचांत सरकवलेले असतात, त्यातून उजेड दुधाळ येतो. काच महाग होती तेव्हाचा तो उपाय. दिवाणखान्याच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेली शिंपल्यांची खिडकी मी पाहिली आहे, मागे नुसती भिंत! उजेडच येणार नसेल तर ते नुसतं मासळीबाजाराचं उरलंसुरलं. कपाटाच्या दारात बसवा आणि आत दिवा लावा, मग तरी काही अर्थ आहे.

जुनी दारं-खांब विकत घ्यायची हौस असेल तर एक सांगते. ती कुठल्यातरी पाडलेल्या घराची असतात. आमच्या गल्लीतलं एक घर असंच दारादारांनी विकलं गेलं. घेणाऱ्याला दोष देत नाही, पण मला ते बघवलं नाही.

मुग्धा_गंगापूररोड

मांडवीकाठी, कराईकुडीतही तेच पाहिलं. जुन्या सामानाच्या दुकानांची अख्खी गल्लीच आहे. खांब, इनॅमलचे डबे, कुणाकुणाच्या आजोबांचे फ्रेममधले फोटोसुद्धा. फोटो बघून मी तशीच बाहेर आले. घरं मोठी, माणसं चेन्नईला नाहीतर परदेशात, लग्नकार्याला येऊन कुलूप उघडतात.

अण्णा, तुमचं वाचून टेप घेऊन बसले. खिडकी जमिनीपासून दोन फूट दहा इंचांवर आहे. ओट्याची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की त्यांनी स्वतःची जागाही ठरवून टाकली. मोझॅकचा एक कोपरा ओल्या फडक्याने खसाखसा पुसला, तर आतून हिरवी-पांढरी खडी दिसायला लागली. इतकी वर्षं त्यावर सतरंजी होती.

म्हणजे ठरलं असं: हॉलचं मोझॅक घासायचं, दारापाशी कट्टा, आणि आथंगुडी फक्त तिथे आणि देवघरासमोर. मिळून पंचवीस-तीस चौरस फूट होईल. एवढ्यासाठी तमिळनाडूहून मागवणं परवडेल का? आणि देवघरासमोर तेल-कुंकू सांडणारच.

बडोदेकरीण

मध्येच शिरते. आम्ही पिढ्यान्पिढ्या बडोद्याचे. चेट्टिनाडच्या सागवानाची हौस उरलीच असेल तर जवळच्या संखेड्याला जा. खरादावर (लेथवर) कातलेलं लाकूड आणि त्यावर लाखेचा लाल-सोनेरी रंग. अख्खा सेट घेऊ नका, हॉल लग्नाचा मंडप दिसेल. एक पाट नाहीतर चौरंग, बस्स. झोपाळा घ्यायचा मोह झाला तर कड्या कुठे लावायच्या ते आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तयार स्लॅबला भोक पाडून टांगलेला झोपाळा आणि त्यावर भाचरांची फौज, मी नाही बाई तिथे बसणार.

अण्णा_फरशीवाले (सातारा)

ताई, तीस फुटांना सत्तरएक फरशा, फुटीसकट पंचाहत्तर. वजन दीडशे किलोच्या आत. तेवढ्यासाठी ट्रकचं भाडं आणि वाटेतली फूट परवडणार नाही. मुंबईत १९२२ पासून सिमेंटच्या नक्षीदार फरशा करणारी भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी आहे. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींत त्यांचीच जमीन आहे. तो माल काचेवर ओतलेला नसतो, दाबयंत्रावर काढलेला असतो, त्यामुळं आथंगुडीची ती ओली चकाकी नाही. पण सरळ, एकसारखा, आणि बसवायला सोपा. आधी त्यांचे नमुने बघा. मन नाही मानलं तर आथंगुडीची चौकशी करा, पण पेटीत उभ्या लावून, मधे भुसा घालून पाठवणार का ते पहिलं विचारा.

देवघरासमोर तेलाची भीती नको. तिकडं तर पुसायच्या पाण्यात खोबरेल टाकतात. तुम्ही बादलीला चार थेंबच टाका, घासून लावू नका, नाहीतर सासूबाई घसरतील. कुंकवाचं मात्र कठीण आहे. बसवल्यावर सीलर मारून घ्या आणि समईखाली ताम्हन ठेवा.

मोझॅकवाला आला की आधी एक फूटभर तुकडा करून दाखवायला सांगा. खड्डे भरायला सिमेंटात रंग कालवतो, तो रंग तिथंच ठरवायचा. घासाईचा राडा पांढरा चिखल असतो. तो बेसिनमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू देऊ नका, पाइपात सिमेंट बसतं. पोत्यात भरून खाली न्यायला लावा, मजुरी ठरवतानाच बोलून घ्या.