मदत हवी आहे: भूकंपासाठी सात मजली बरी की बावीस मजली?

खाडीकिनारा
दोन फ्लॅट बघितलेत. एक इमारत सात मजली, दुसरी बावीस. उद्या संध्याकाळी टोकन द्यायचंय. भाऊ म्हणतो, जेवढी उंच तेवढी आधी पडणार. बायकोला बावीसवालीच हवी. भूकंपात कोणती टिकेल एवढंच सांगा.

रानवारा
गाव कुठलं? जमीन कसली? खडक, मुरूम की भराव?

खाडीकिनारा
नवी मुंबई. जमिनीचा काय संबंध? मी मजल्यांचं विचारतोय.

कॉलम_बीम
संबंध जमिनीचाच आहे. प्रत्येक इमारतीला डोलायची स्वतःची लय असते, ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद. म्हणजे सात मजलीचा एक हेलकावा पाऊण सेकंदाच्या आतबाहेर, बावीसचा दोनेक सेकंदांचा. जमिनीलाही लय असते. खडक भराभर हादरतो, खोल चिखल सावकाश. दोन्ही लयी जुळल्या की हेलकावे वाढत जातात.

१९ सप्टेंबर १९८५, मेक्सिको सिटी. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पण शहराचा मध्यभाग जुन्या तळ्याच्या गाळावर. तो गाळ दोन सेकंदांच्या लयीत हलला. सर्वांत जास्त मार बसला सहा ते पंधरा मजली इमारतींना, कारण तडे गेले की इमारत सैल होते आणि तिची लय लांबत दोन सेकंदांकडे सरकते. ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना मात्र उभी राहिली.

मांजराकाठ
मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, किल्लारी. पडली ती बैठी घरं. उंचीचा बाऊ करू नका.

कॉलम_बीम
दादा, ती दगडमातीची घरं होती. भिंत उसवली आणि माळवद खाली आलं. आरसीसीला तो दाखला लागू होत नाही.

मांजराकाठ
त्या माळवदाखालून माणसं काढलीत मी. बैठं म्हणजे सुरक्षित असं कुणी धरून चालू नये, एवढंच म्हणणं आहे.

शिलकीतला
घराच्या विम्यात भूकंपाचं कलम असतंच असं नाही. पॉलिसी नीट वाचा.

खाडीकिनारा
विमा नंतर बघतो. सात की बावीस?

साबरमतीकर
मी २००१ला अहमदाबादेत होतो. २६ जानेवारी, सकाळी पावणेनऊ. केंद्र भुजजवळ, दोनशे किलोमीटरहून लांब, तरी आमच्याकडे बहुमजली इमारती बसल्या. खाली नदीचा गाळ होताच, पण पुष्कळ ठिकाणी तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या, पार्किंगचे नुसते खांब. वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा लेचापेचा. तोच आधी मोडला. तुमच्या दोन्ही इमारतींच्या खाली काय आहे?

खाडीकिनारा
सात मजलीखाली स्टिल्ट पार्किंग, फक्त खांब. जागा खाडीतल्या भरावाची आहे, हे आत्ता भावाकडून कळलं. बावीसवाली टेकडीच्या पायथ्याशी, पाया खणताना खडक लागला म्हणे.

रानवारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

कॉलम_बीम
आयएस १८९३, म्हणजे इमारतीवर भूकंपाचा भार किती धरायचा ते सांगणारं भारतीय मानक. त्याच्या २०१६च्या आवृत्तीनुसार हिशेब केला, तर सात मजलीएवढ्या उंचीच्या इमारतीवर मऊ जमिनीत खडकापेक्षा १.६७ पट भूकंपबल धरावं लागतं. त्यात उघडा तळमजला. पाइल, म्हणजे पायाचे जमिनीत खोल उतरवलेले खांब, खडकापर्यंत नेलेत का, पार्किंगमध्ये शिअर वॉल, म्हणजे आडवे धक्के पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, आहेत का, विचारा. माती परीक्षणाचा अहवाल दोघांकडूनही मागा. ‘खडक लागला म्हणे’ यावर टोकन देऊ नका. आणि आयएस १३९२०प्रमाणे (भूकंपासाठी सळ्या कशा बांधायच्या त्याचं मानक) खांबांतल्या सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळजवळ, टोकं आत वळवून बांधल्यात का, हे नकाशात बघा.

खाडीकिनारा
टोकन थांबवलं. बावीसवाल्यांनी अहवाल सोमवारी देतो म्हणून सांगितलं. सातवाल्यांनी विचारलं, ‘अहवाल कशाला हवा?’