‘सुपरपोझिशन’साठी सर्व शास्त्रांत एकच मराठी शब्द चालेल का?

शब्दशोधक
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी परिभाषेची सूची करताना मी ‘सुपरपोझिशन’पाशी (शब्दशः, एकावर दुसरे ठेवणे) अडलो आहे. भौतिकशास्त्रात त्यासाठी ‘अध्यारोपण’ हा शब्द रूढ आहे. परंतु मूळ इंग्रजी संज्ञा भूविज्ञान, विद्युत अभियांत्रिकी आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) या तिन्ही ठिकाणी भेटते, आणि वेदान्तातला ‘अध्यारोप’ तर अगदी शेजारीच बसलेला आहे. कल्पना एकच आहे, की साम्य नावापुरतेच आहे?

काळा_पत्थर
भूविज्ञानापुरते सांगतो. निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडलेला नियम असा, की थरांची उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी गाडी थांबवून पाहिले, तर बेसॉल्टच्या दोन काळ्या थरांमध्ये हातभर जाडीचा विटकरी, मातकट पट्टा पुष्कळदा दिसतो. खालचा लाव्हा थिजून त्याचा माथा झिजण्याइतका काळ मध्ये गेला आणि मग पुढचा लाव्हा आला, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या घडामोडींची ही जणू रोजनिशीच आहे. मात्र थरांना उभी छेदून जाणारी डाइकची, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची, भिंत या नियमात बसत नाही; ज्यांना ती कापते त्या थरांहून ती नंतरचीच असते. थोडक्यात, आमच्याकडे बेरीज कशाचीच होत नाही, सगळा प्रश्न क्रमाचा आहे.

रोधक
विद्युत मंडलात नेमके उलटे आहे. तिथे क्रमाला काहीच अर्थ नसतो. अनेक स्रोत असतील तर एका वेळी एकच चालू धरायचा, बाकीच्या विद्युतदाब-स्रोतांच्या जागी सरळ तार मानायची, धारा-स्रोतांच्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि आलेल्या उत्तरांची चिन्हांसह बेरीज करायची. हे फक्त रेषीय मंडलात, म्हणजे स्रोत दुप्पट केला की धाराही दुप्पट होते अशा मंडलात, चालते, आणि विद्यार्थी हमखास घसरतात ते शक्तीच्या गणितात. एक ओहमच्या रोधातून एका स्रोतामुळे २ आणि दुसऱ्यामुळे त्याच दिशेने ३ अँपिअर धारा वाहत असेल, तर एकूण धारा ५ अँपिअर होते हे खरे; पण शक्ती ४ अधिक ९ म्हणजे १३ वॅट नसून २५ वॅट असते, कारण शक्ती धारेच्या वर्गावर अवलंबून असते. उत्तरपत्रिकांत हे १३ मी इतक्यांदा पाहिले आहेत, की आता तो आकडा दिसला की लाल पेन आपोआप उचलले जाते.

अर्धपुंज
‘रोधक’ यांनी सांगितलेली ही वर्गाची गोष्टच पुंजयामिकीची किल्ली आहे. तिथे बेरीज होते ती संभाव्यतांची नव्हे, तर ज्यांच्या परिमाणाच्या वर्गातून संभाव्यता मिळते त्या आयामांची (ॲम्प्लिट्यूड); आणि आयाम एकमेकांना खोडूही शकतात. म्हणूनच दोन फटींच्या प्रयोगात, दोन्ही वाटा खुल्या असूनही, पडद्यावर काही जागी इलेक्ट्रॉन पोहोचतच नाहीत. ‘नाणे एकाच वेळी छापा आणि काटा’ हा लोकप्रिय दाखला मला म्हणूनच पटत नाही. त्यात अज्ञान दिसते, एकमेकांना खोडणे दिसत नाही.

शब्दशोधक
आणि वेदान्त?

अर्धपुंज
दोरीवर सापाचा आरोप करायचा आणि पुढे ‘अपवादा’ने तो मागे घ्यायचा, ही तिथली रीत. त्यात थरही नाहीत आणि बेरीजही नाही. तो शब्द सूचीबाहेर ठेवावा.

शब्दशोधक
मग तरंग, मंडले आणि पुंजयामिकी यांना ‘अध्यारोपण’ आणि भूविज्ञानाला ‘स्तरक्रम’, अशा दोन नोंदी करतो.

काळा_पत्थर
नुसते ‘स्तरक्रम’ नको. तो प्रत्यक्ष कड्यावर दिसणाऱ्या थरांच्या मांडणीला लागेल. ‘स्तरक्रमाचा नियम’ असे लिहा, म्हणजे गल्लत होणार नाही.