मदत हवी आहे: ब्युफर्ड ब्रिगेडियर जनरल की मेजर जनरल? (शनिवारच्या आत)

रानवाटा
नमस्कार मंडळी. शनिवारी आमच्या मंडळाची बस गेटिसबर्गला, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या रणभूमीवर, चाललीय. बरोबर भारतातून आलेले आईबाबा लोक आहेत, त्यामुळे माहिती मराठीत सांगायचीय. तिथे लढलेल्या घोडदळाच्या जनरल ब्युफर्डचा भाग माझ्या वाट्याला आलाय आणि दोन ठिकाणी अडलेय. एकीकडे तो ब्रिगेडियर जनरल आहे, दुसरीकडे मेजर जनरल, आणि तारीख दोन्हीकडे १ जुलैच! खरं काय धरू? दुसरं म्हणजे, घोडदळ असून त्याची माणसं जमिनीवर उतरून लढली. त्याला मराठीत शब्द काय? जरा लवकर सांगा, प्लीज.

कलमदान
कोणता ब्युफर्ड? त्या युद्धात या आडनावाचे तीन जनरल होते. जॉन, त्याचा सावत्र भाऊ नेपोलियन बोनापार्ट ब्युफर्ड (खरंच हेच नाव) आणि चुलतभाऊ अब्राहम. पहिले दोघे उत्तरेकडून (अमेरिकेच्या सरकारकडून) लढले, अब्राहम दक्षिणेकडून (फुटून निघालेल्या राज्यांकडून). आणि १ जुलै कुठल्या सालचा?

रानवाटा
अहो जॉनच, गेटिसबर्ग म्हटल्यावर आणखी कोण! १८६३.

आजोबा७२
ताई, बसमध्ये सगळी आपलीच माणसं ना? मग सरळ पावनखिंड सांगा. मूठभर लोकांनी मोठी फौज रोखून धरली. 'अमेरिकेचा बाजीप्रभू' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळेल.

दारूगोळा
ब्युफर्डची माणसं टिकली ती स्पेन्सर बंदुकांमुळे. सात गोळ्या एका दमात. हे सांगायला विसरू नका, लोकांना आवडतं.

पागेकरी
@दारूगोळा, हे बऱ्याच ठिकाणी छापलेलं आहे, पण चूक आहे. त्या सकाळी ब्युफर्डच्या स्वारांकडे एका वेळी एकच गोळी भरायच्या कार्बाइन (घोडदळाच्या आखूड बंदुका) होत्या, त्यातही शार्प्स बनावटीच्या जास्त. त्या लढाईत स्पेन्सर होत्या उत्तरेच्याच जनरल कस्टरच्या मिशिगनच्या स्वारांकडे, आणि ते दुसऱ्या टोकाला. शार्प्सचा फायदा वेगळा होता. समोरच्या पायदळाकडे ठासणीच्या बंदुका. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, म्हणजे जवळजवळ उभंच राहावं लागतं. कार्बाइनमध्ये काडतूस मागून सरकवायचं. कुंपणाआड पालथं पडूनही भरता येते. सात गोळ्यांपेक्षा हे सांगा.

दारूगोळा
मी वाचलेल्या दोन पुस्तकांत स्पेन्सरच आहे.

पागेकरी
दोन्हींनी एकमेकांतून घेतलं असणार. स्पेन्सर कार्बाइन घोडदळाला मिळायला लागल्या त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून.

कलमदान
@रानवाटा, हुद्द्याचं सांगतो. १ जुलैच्या सकाळी तो ब्रिगेडियर जनरलच होता. पुढे त्याच वर्षी विषमज्वराने तो वॉशिंग्टनला जनरल स्टोनमनच्या घरी अंथरुणाला खिळला. १६ डिसेंबरला तो गेला, वय अवघं ३७. अगदी शेवटच्या घटकेला मेजर जनरलची सनद त्याच्या हातात पडली, आणि तिच्यावर हुद्दा १ जुलैपासून धरला होता, म्हणजे गेटिसबर्गच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे दोन्ही कागद खरे आहेत. मला तर तुमच्या दहा मिनिटांत हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि आजोबा, मान ठेवून सांगतो, पावनखिंड इथे नको. बाजीप्रभू लढले ते महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचावेत म्हणून. इथे कुणी निसटत नव्हतं. गावाच्या दक्षिणेच्या टेकड्या शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून ब्युफर्डने पश्चिमेच्या रस्त्यावर दक्षिणेच्या जनरल हेथच्या डिव्हिजनला रोखलं, आपलं पायदळ येईपर्यंत. साडेसातच्या सुमाराला ब्युफर्डच्या लेफ्टनंट जोन्सने आपल्या सार्जंटची कार्बाइन मागून घेऊन पहिली गोळी झाडली. दहाच्या सुमाराला उत्तरेचा जनरल रेनल्ड्स पायदळ घेऊन आला. मधले अडीच तास हीच ब्युफर्डची कमाई.

आजोबा७२
ठीक. पण आपल्या माणसांना आपलं उदाहरण लागतं, हे माझं म्हणणं कायम.

सुगरण
शनिवारी ऊन कडक असेल. ज्येष्ठांना टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि ताक द्या. तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. आमच्या सहलीत एका काकांना चक्कर आली होती.

पागेकरी
आजोबा, आपलं उदाहरण हवंय ना, हे घ्या. शिलेदार आणि बारगीर! दक्षिणेकडचा स्वार घोडा घरून आणायचा, सरकार त्याला घोड्याचे दिवसाला ४० सेंट द्यायचं. घोडा थकला, लंगडला तर दुसरा त्यानेच शोधायचा. म्हणजे शिलेदार. उत्तरेकडे घोडा सरकारी, म्हणजे बारगीर. ब्युफर्डची माणसं सगळी बारगीर. बसमधल्या आजी-आजोबांना हे एका वाक्यात समजेल.

@रानवाटा, 'पायउतार होऊन' हा मूळ शब्द बरोबर आहे, पण आता तो ऐकला की मंत्र्याचा राजीनामा आठवतो. 'घोड्यावरून उतरून, पायदळासारखे' असं सरळ म्हणा. आणि चौघांतला एक जण चार घोडे धरून मागे थांबायचा, हे नक्की सांगा. म्हणजे फळीवर मुळातच पाऊण माणसं. ब्युफर्डच्या माणसांच्या कागदावरच्या पावणेतीन हजार आकड्यावर जाऊ नका.

रानवाटा
पागेकरी, कलमदान, खूप खूप आभार! चौघांतला एक हे मला माहीतच नव्हतं. ते दाखवायला मी चार काकांना उभं करणार आहे, तीन पुढे आणि एक मागे लगाम धरून. बारगीर-शिलेदारही घेते. स्पेन्सर काढून टाकली. तिथल्या ब्युफर्डच्या पुतळ्यापाशी सांगण्यासारखं आणखी काही आहे का?

कलमदान
चबुतऱ्याभोवती तोफांच्या चार नळ्या आहेत. त्या सकाळी तिथे लढलेल्या केलेफच्या बॅटरीच्याच (तोफांच्या तुकडीच्या). त्यातल्या एकीने उत्तरेच्या तोफखान्याचा पहिला गोळा सोडला होता. ज्येष्ठांना नळीला हात लावू द्या.

आजोबा७२
त्याच्या घोड्याचं नाव काय होतं?

पागेकरी
ग्रे ईगल. वॉशिंग्टन शहरात निघालेल्या ब्युफर्डच्या अंत्ययात्रेत तोही होता.