आधी सुई बघा
अॅम्प्लिफायर बदलला की आजोबांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकड्यांचा आवाज खुलेल, असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. आमच्या सांगली-मिरजेकडे जुन्या घरांतून अशा तबकड्या अजून निघतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी हाती लागली तर विचारूच नका! पण एलपीची (नंतर आलेल्या, हळू फिरणाऱ्या तबकडीची) सुई टोकाशी साधारण १८ ते २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ७८ आरपीएमच्या तबकडीला लागते ७५च्या आसपासची. बारीक सुई तबकडीवरच्या चरीच्या तळाशी जाऊन कचरा उकरते, अन् महागडा अॅम्प्लिफायर तीच खरखर मोठी करून ऐकवतो. म्हणून आधी तबकड्या धुवा, सुई बदला, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. केबलवर हजारो रुपये घालणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. तुमच्याकडे कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) कोणतं आहे?