दोन्ही प्रतलांशी कललेली रेषा: फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू जुळत नाहीत

काटकोन:
रेषा एबी ८० मिमी, एचपीशी (आडवं प्रतल) ३०°, व्हीपीशी (उभं प्रतल) ४५°. ए एचपीच्या १५ मिमी वर आणि व्हीपीच्या २० मिमी पुढे. फर्स्ट अँगल, म्हणजे फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारा) वर आणि टॉप व्ह्यू (वरून दिसणारा) खाली. फ्रंट व्ह्यूमध्ये ए डॅशपासून (डॅशची अक्षरं फ्रंट व्ह्यूची, बिनडॅशची टॉप व्ह्यूची) ३०° ला ८० मिमी आणि टॉप व्ह्यूमध्ये ए पासून ४५° ला ८० मिमी काढलं, तर बी डॅश आणि बी एका उभ्या प्रोजेक्टरवर (दोन्ही व्ह्यू जोडणारी उभी रेषा) येत नाहीत. साधारण १३ मिमीचा फरक पडतो. पायरी कुठे चुकते? पुढे ट्रेसेसही (वाढवलेली रेषा प्रतलांना भेटते ते बिंदू) काढायचे आहेत.

दोन_एच:
फरक तेवढाच यायला हवा. ८० कॉस ३० म्हणजे ६९.२८, ८० कॉस ४५ म्हणजे ५६.५७, वजाबाकी १२.७१.

दिलेले कोन खरे कोन आहेत. एचपीशी असलेला कोन फ्रंट व्ह्यूमध्ये खरा दिसायला रेषा व्हीपीला समांतर लागते. इथे ती कशालाच समांतर नाही, म्हणून दोन्ही व्ह्यूंत लांबी ८० पेक्षा कमी आणि कोन दिलेल्यापेक्षा मोठे दिसणार. पण काढलेल्या रेषा पुसू नका, उत्तर त्यांतूनच निघतं. वरच्या रेषेच्या टोकाला बी वन डॅश म्हणा, खालच्या टोकाला बी टू.

बी वन डॅशवरून खाली प्रोजेक्टर टाका. ए मधून जाणाऱ्या आडव्या रेषेवर तो जिथे येईल तो बी वन. ए ते बी वन, ६९.२८, ही टॉप व्ह्यूची लांबी. तसंच बी टू वरून वर जा आणि ए डॅशच्या आडव्या रेषेवर बी टू डॅश घ्या; ए डॅशपासून तिथपर्यंतचे ५६.५७ ही फ्रंट व्ह्यूची लांबी. आता बी वन डॅशमधून आडवा लोकस, म्हणजे बी डॅश जिच्यावर असणार ती रेषा (एक्सवायच्या, म्हणजे दोन्ही प्रतलं मिळतात त्या रेषेच्या, ५५ वर) आणि बी टू मधून दुसरा (७६.५७ खाली). ए डॅश केंद्र, त्रिज्या ५६.५७, कंस वरच्या लोकसला छेदेल तिथे बी डॅश. ए केंद्र, त्रिज्या ६९.२८, कंस खालच्या लोकसला छेदेल तिथे बी.

बी डॅश आणि बी जोडणारी रेषा एक्सवायला लंब आलीच पाहिजे. इथे दोन्ही टोकं ए च्या प्रोजेक्टरपासून बरोबर ४० मिमीवर येतात. अल्फा (फ्रंट व्ह्यूचा एक्सवायशी कोन) ४५°, बीटा (टॉप व्ह्यूचा) सुमारे ५४.७°.

सर्वात जास्त गफलत त्रिज्येत होते: वरच्या कंसाला ६९.२८ घेतलं जातं. वरच्या कंसाची त्रिज्या खालच्या रेषेवरून येते आणि खालच्याची वरून, एवढं पक्कं धरा.

लोकस:
यामागचं कारण. ए मधून जाणाऱ्या उभ्या अक्षाभोवती रेषा फिरवली की एचपीशी कोन, बी ची उंची आणि टॉप व्ह्यूची लांबी तिन्ही कायम राहतात. बदलते फक्त दिशा. म्हणून वर आडवा लोकस, खाली कंस. व्हीपीला लंब असलेल्या अक्षाभोवती फिरवलं की हेच उलट.

काटकोन:
जुळलं, ४० वरच आलं. दोन्ही कोन ५०° असले तर?

लोकस:
अशी रेषाच नसते. बी ची चढण ८० साइन ५० म्हणजे ६१.२८, आणि कंसाची त्रिज्या ८० कॉस ५० म्हणजे ५१.४२, कंस लोकसपर्यंत पोचत नाही. दोन कोनांची बेरीज ९०° च्या वर जाऊ शकत नाही. बरोबर ९०° असेल तर दोन्ही व्ह्यू एक्सवायला लंब उभे राहतात.

दोन_एच:
ट्रेसेसमध्ये या उदाहरणात खाच आहे. बी डॅश ए डॅश मागे वाढवा, एक्सवायला एच या बिंदूत मिळेल, ए च्या प्रोजेक्टरच्या १५ मिमी डावीकडे. तिथून लंब काढून वाढवलेल्या टॉप व्ह्यूला मिळवा: तो एचटी, एचपीवरचा ट्रेस. टॉप व्ह्यू वाढवून एक्सवायवर व्ही हा बिंदू (१४.१४ डावीकडे), तिथला लंब वाढवलेल्या फ्रंट व्ह्यूला मिळतो तो व्हीटी, व्हीपीवरचा ट्रेस. एचटी एक्सवायच्या फक्त १.२ मिमी वर येतो, म्हणजे व्हीपीच्या मागे, व्हीटी ०.८६ मिमी वर. जाड टोकाच्या पेन्सिलीने दोन्ही एक्सवायवरच असल्यासारखे दिसतील आणि एकच बिंदू लिहिला जाईल. २एच टोकदार करून काढा, आणि शंका आली तर वरच्या आकड्यांशी ताडून पाहा.