दोघंही एसएस, मग त्रास एकालाच जास्त का?

शहाद्याचा बापू
राम राम मंडळी. माझी मुलगी आठ वर्षांची, भावाचा मुलगा नऊचा. दोघांचाही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून त्याचा जीन आलेला. पोरगी शाळेत जाते, खेळते, वर्षातून एखाद्या वेळी पाय दुखतात. पुतण्या मात्र थंडी पडली की आडवा. या हिवाळ्यात तीनदा दवाखान्यात नेला. शेवटच्या खेपेला रात्री त्याला मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे बसवलं. गुडघा घट्ट धरून पोरगं एकच म्हणत होतं, "काका, खड्डा आला की हळू घ्या." वहिनी विचारते, तुम्ही तुमच्या पोरीला वेगळं औषध देता का? काय सांगू तिला? दोन्ही कागद समोर आहेत. पोरीचा एचबीएफ २६.४ टक्के, त्याचा ९.८. फरक यानेच पडतो का?

लॅबवाली ताई, नंदुरबार
बापूदादा, बरोबर ओळीवर बोट ठेवलंत. एचबीएफ म्हणजे आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते कमी होत जातं आणि त्याची जागा मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन, म्हणजे 'ए', घेतं. एसएसच्या लेकरात ती जागा सिकलसेलचं हिमोग्लोबिन 'एस' घेतं. ऑक्सिजन सुटला की एसचे कण एकमेकांना चिकटून लांब दांड्या तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नळ्यांत अडकते. एफ त्या दांडीत सामील होत नाही, उलट ती वाढूच देत नाही. तान्ह्या बाळांना त्रास का होत नाही, याचं हेच कारण असावं, असं जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत एफ आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त आढळतो. पण एकाच घरातही तो सारखा नसतो, कारण एफ किती टिकणार हे ठरवणारे जीन वेगळे असतात. वहिनींना सांगा, यात कोणाचीच चूक नाही.

एक विचारते. पुतण्याला रक्त चढवलं होतं का? आणि त्याच्या कागदावर 'ए' किती आहे? रिपोर्टच्या आलेखात एफचा डोंगर सगळ्यात आधी येतो, एसचा शेवटी. नुसत्या एसएसमध्ये मधली एची जागा जवळजवळ सपाट असते.

तळोदेकर
मी स्वतः एसएस, वय २७. माझा एफ २१. लहानपणी दुखण्याचे फार झटके आले नाहीत म्हणून घरचे निर्धास्त होते, मीही गोळ्या टाळल्या. बाविसाव्या वर्षी डाव्या खुब्याचं हाड रक्त न मिळून झिजलं. आता जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. बापू, पोरीचा आकडा चांगला आहे, पण तिचीही तपासणी चुकवू नका. ताप आला तर घरी बसून वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शहाद्याचा बापू
ताई, आता भावाकडे जाऊन कागद नीट पाहिला. ए ३१.२ लिहिलंय. रक्त दिवाळीनंतर चढवलं, तपासणी त्याच्या महिन्याभराने.

लॅबवाली ताई, नंदुरबार
मग तो ९.८ त्याचा खरा आकडा नाही. दात्याच्या रक्ताने तो पातळ झालाय. शेवटचं रक्त चढवल्याला तीन-चार महिने झाले की पुन्हा काढा. पण त्यासाठी औषध अडवून ठेवू नका. एका हिवाळ्यात तीन झटके आले, म्हणजे हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारायला हवं. ते एफ वाढवतं. सुरू केलं तर ठरल्या तारखांना पेशींची मोजणी करावी लागते, ती चुकवायची नाही. जाताना रक्त चढवल्याच्या तारखा कागदावर लिहून न्या.

शहाद्याचा बापू
वहिनीनेच लिहून काढल्या. सोमवारी निघतोय, यावेळी एसटीने.