पैशांची पुस्तकं वाचून खरंच कुणाचे पैसे साठले?

निवांत_कराड

परवा एका तरुण मित्राची पोस्ट वाचली, ती अजून डोक्यातून जात नाही. त्याने दोन वर्षांत पैशांवरची १४ पुस्तकं वाचली, आता पगारातले ४० टक्के शिल्लक पडतात. इथवर आनंदच आहे. पण शेवटी लिहिलंय, 'महिनाअखेर ज्यांच्याकडे काही उरत नाही ते गरीब नसतात, त्यांना वाचायचा कंटाळा असतो.' या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे बाबा २६ वर्षं पिग्मी एजंट होते, म्हणजे बँकेसाठी दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा करायचे. संध्याकाळी पाचला खांद्याला पिशवी अडकवून बाजारपेठेतून फेरी. पानटपरी, सलून, भेळेची गाडी, चपलांचं दुकान. कुणी दहा रुपये देई, कुणी पन्नास. बाबांना बरं नसलं की दहावीनंतर मीच जायचो. तेव्हा एक गोष्ट पाहिली. बाबा तापाने चार दिवस झोपून असले, की त्या चार दिवसांचे पैसे कुणीही बाजूला काढून ठेवलेले नसायचे. पाचव्या दिवशी गेलं की फक्त त्या दिवसाचे मिळायचे. माणसं तीच होती, गल्लाही तोच होता. दारात येऊन उभं राहणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. आमच्या भेळवाल्याने दोन मुलींची लग्नं पिग्मीवर केली. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं.

मिळकतीचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढा, हे सूत्र १९२६ सालच्या 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' या पुस्तकात आहे. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी सुरू केली. दारात जाऊन दोन आणेसुद्धा घ्यायचे. पहिल्याने सल्ला दिला, दुसऱ्याने माणूस पाठवला. पैसे साठले ते माणूस आल्यामुळे. पुस्तकं वाचणाऱ्यांवर माझा राग नाही. न वाचणाऱ्यांना आळशी म्हणणाऱ्यांवर आहे.

शशांक_ठाणे

तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर. पण दारात पिग्मीवाले यायचे ते दुकानदारांच्या. माझ्या दारात कोण येणार होतं? मी पगारदार, मला यायचे ते क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन.

२०१७ मध्ये माझ्यावर कार्डाचे १ लाख ८० हजार थकले होते. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम, तेवढीच भरायचो आणि भरलं की हायसं वाटायचं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के होतात, हे वयाच्या २९ व्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात पैशांचा विषय काढला की आई म्हणायची, 'जेवताना नको.' झोपताना काढला तरी नको. वडिलांचा पगार किती हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं.

ठाणे स्टेशनबाहेर एक पुस्तक घेतलं, लोकलमध्ये उभ्याने वाचलं. त्यात कर्जांची यादी करायला सांगितली होती, सगळ्यात महागडं सगळ्यात वर. यादी केली त्या रात्री मला झोप लागली नाही. १६ महिन्यांत कर्ज फेडलं. तुम्ही म्हणता सल्ल्याने काही होत नाही. माझ्या बाबतीत तर झालं ना? की माझं उदाहरण धरायचंच नाही?

गोदाकाठ

निवांत_कराड यांच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त पिग्मी म्हणालात आणि भिशी विसरलात. आमची १२ जणींची, महिना ३,००० ची. दर महिन्याला जमलेली सगळी रक्कम एकीला मिळते. कुणाला, त्याची चिठ्ठी काढतो, लिलाव नाही. माझी वॉशिंग मशीन, मुलाच्या बारावीच्या क्लासची फी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं भिशीतून. मला कुणी चाळीस टक्के वाचवायला सांगितलं तर मी विचारीन की बाबा रे, गॅस, शाळेची व्हॅन आणि सासऱ्यांच्या गोळ्या यातलं काय बंद करू? ती पुस्तकं बाहेरची कॉफी सोडा म्हणतात. मी महिन्यातून एकदा बाहेरची कॉफी पीत असेन. ती सोडून किती साठणार?

एक्सेलवाला_न्यूजर्सी

सगळे फक्त आपापला अनुभव सांगताय. यावर अभ्यास झालेले आहेत. २०१४ साली बऱ्याच संशोधनांचा एकत्र आढावा निघाला. आर्थिक शिक्षणाने लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग समजावता येतो, असं त्यात दिसलं. उलट बाजूला थेलर आणि बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांचा २००४ चा प्रयोग. एका कारखान्यातल्या कामगारांनी आधीच कबूल केलं की पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग थेट बचतीत जाईल. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. शिकवणी नाही, पुस्तक नाही. पैसे हातात यायच्या आधीच वळवले.

म्हणजे धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर आहे. पण भिशीचं कौतुक कृपया थांबवा. ३,००० दरमहा, साडेसहा टक्क्यांनी आवर्ती ठेव केली तर वर्षाला साधारण साडेबाराशे रुपये व्याज मिळतं. भिशीत शून्य. ज्या बाईची चिठ्ठी बाराव्या महिन्यात निघते ती अकरा जणींना बिनव्याजी कर्ज देते. हा शुद्ध अडाणीपणा आहे.

गोदाकाठ

अडाणी कुणाला म्हणता? मी बी.कॉम. आहे आणि चक्रवाढ व्याज हातावर करते.

साडेबाराशे रुपये मला कळतात. तुम्हाला काय कळत नाही ते ऐका. आवर्ती ठेव माझ्या नावावर आहे हे घरात कळलं की दिराच्या मोटारसायकलसाठी ती मोडायला तीन दिवस लागतात. दोनदा मोडली आहे. भिशी मोडता येत नाही. 'बारा जणींत माझं नाव जाईल' एवढं म्हटलं की नवराही गप्प, सासूही गप्प. साडेबाराशे ही त्या कुलपाची किंमत आहे आणि मी ती डोळे उघडे ठेवून मोजते. न्यू जर्सीत पगार थेट तुमच्या खात्यात येतो, त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. इथे पैसा एकटीचा नसतो.

माई_सांगली

गोदाकाठ, तुझं सगळं पटतं तरी लिहिते, कारण मी पोळलेली आहे. शाळेत आमची २० शिक्षिकांची भिशी होती, महिना ५,००० ची. अकरा वर्षं सुरळीत चालली. २०१९ मध्ये जिच्याकडे पैसे जमायचे ती नवऱ्याच्या धंद्यासाठी तीन महिन्यांचे पैसे वापरून बसली. तीन लाख. तक्रार करायची तर कागद कुठे आहे? वहीतल्या टिकांवर सगळं. चिट फंडाला १९८२ चा कायदा आहे, नोंदणी लागते. आमच्यासारख्यांच्या भिशीची कुठे नोंद?

माझे १५,००० गेले त्याचं एवढं नाही. ती माझ्या शेजारच्या वर्गाची बाई. २२ वर्षं मधल्या सुट्टीत एका डब्यातून जेवलो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकमेकींकडे पाहिलं नाही. कुलूप म्हणतेस ते खरं आहे, पण किल्ली कुणाकडे ठेवतेस तेही बघ.

एक्सेलवाला_न्यूजर्सी

माईंनी लिहिलं तेच मी सांगत होतो.

माई_सांगली

नाही. तुम्ही व्याजाबद्दल बोलत होतात. मी माणसांबद्दल बोलतेय. माझ्या अनुभवाचा तुमच्या बाजूने उपयोग करू नका.

सातबारा

भिशी, पिग्मी, पुस्तक, सगळ्यांनी धरून चाललंय की पैसा दर महिन्याला येतो. आमच्याकडे तो वर्षातून एकदा येतो आणि तोही सांगितल्या वेळी नाही. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ चा आदेश आहे. माझा ऊस जानेवारीत गेला, पूर्ण बिल मे अखेर. मधल्या काळात सोसायटीचं पीककर्ज, खतवाल्याची उधारी, पोरीची हॉस्टेल फी. पगाराचा दहावा हिस्सा बाजूला काढा म्हणणाऱ्या लेखकाने एकदा मार्चमध्ये माझ्या घरी यावं, मग सांगावं कशाचा दहावा.

आम्ही साठवतो ते शेळ्यांत आणि बायकोच्या अंगावरच्या सोन्यात. सोनं अडीनडीला गहाण टाकता येतं. त्यावरही शिकलेले लोक हसतात.

शशांक_ठाणे

सातबारा, तुमच्यासाठी कुणी पुस्तक लिहिलेलं नाही हे मान्य. पण 'लिहिलेलं नाही' आणि 'पुस्तकांचा उपयोग नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा धागा भिशीवर गेला म्हणून मूळ मुद्द्यावर परत येतो.

पुस्तकाने मला साठवायला शिकवलं नाही, हवं तर हे लिहून घ्या. पण माझे पैसे गळत कुठून होते ते दाखवलं. नात्यातल्याच एकांनी मला २० वर्षांची पॉलिसी गळ्यात मारली होती, वर्षाला २४,००० हप्ता. विमाही आणि बचतही, असं सांगून. हिशेब मांडला तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शेवटी साधारण सव्वाआठ लाख. तेच २४,००० पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, १५ वर्षं अधिक ५ वर्षांची मुदतवाढ, आजचा ७.१ टक्के दर धरला तर साडेदहा लाखांच्या वर. सव्वादोन लाखांचा फरक. २०१३ पासून म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजना आहेत, त्यात मधल्या माणसाचं कमिशन जात नाही, हेही पुस्तकातूनच कळलं. निवांत_कराड, दारात येणारा प्रत्येक माणूस तुमच्या बाबांसारखा नसतो. माझ्या दारात आलेला माझा सख्खा आत्तेभाऊ होता.

निवांत_कराड

हे बोचलं, पण खरं आहे. बाबांनाही शेवटच्या काही वर्षांत बँकेकडून असल्या पॉलिसी विकायचं टार्गेट आलं होतं. त्यांनी नाही विकल्या. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी विकल्या, पिग्मीच्याच गिऱ्हाइकांना, पिग्मीच्या विश्वासावर. त्या गिऱ्हाइकांपैकी एकाने जरी असलं काही वाचलेलं असतं तर वाचला असता. एवढं मी मानतो. पैसे लुटले जाऊ नयेत म्हणून पुस्तक. पैसे साठावेत म्हणून नाही.

आणि वाचणाऱ्याला पुढे काय वाचायला मिळेल याचीही खात्री नाही. राहतं घर ही मालमत्ताच नाही असं शिकवणारं ते 'रिच डॅड पुअर डॅड' हे १९९७ सालचं पुस्तक आमच्या ऑफिसात निम्म्या जणांकडे आहे. त्याच लेखकाच्या एका कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. माझा एक सहकारी ते वाचून नोकरी सोडून 'पॅसिव्ह इन्कम', म्हणजे काम न करता येत राहणारं उत्पन्न, उभं करायला निघाला होता. बायकोचे दागिने गेले, आता परत नोकरीत आहे. त्याला आळशी म्हणणार का? त्याने तर पुस्तक तीनदा वाचलं.

एक्सेलवाला_न्यूजर्सी

गोदाकाठ, मी 'अडाणी' म्हणालो तो शब्द मागे घेतो. हिशेब मागे घेत नाही. पण काल रात्री आईला फोन केला आणि विचारलं, माझ्या इंजिनिअरिंगची पहिली फी कुठून आली होती. ती म्हणाली, भिशीतून. चाळीतल्या बायकांनी चिठ्ठी न काढता तिला दिली होती. मला आजवर माहीत नव्हतं.

गोदाकाठ

शब्द मागे घेतलात, ठीक. माईंचं ऐकून आम्ही या महिन्यापासून वहीऐवजी बँकेतून ट्रान्सफर करायचं ठरवलंय, म्हणजे नोंद राहील. दोघींना ते जमत नाही, त्यांना शिकवतेय. व्याजासाठी नाही करत आहे, हे लक्षात ठेवा.

शशांक_ठाणे

एक सांगायचं राहिलं, निवांत_कराड, तुम्हाला आवडेल म्हणून नाही, खरं आहे म्हणून. ज्या पुस्तकाने मला कर्जातून काढलं ते मी धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी दिलं. त्याच्या टीव्हीखाली आहे, पान उलटलेलं नाही. शेवटी गेल्या रविवारी त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवर, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी आवर्ती ठेव लावून दिली.

निवांत_कराड

केवढ्याची?

शशांक_ठाणे

दोन हजारांची. तो पाचशेच म्हणत होता, अर्धा तास भांडलो.